आपल्या घरची भाकरी

“आणि आमच्या मंडळाचं नाव कुठाय, बुवा?”

मुरलीधर धोंगडे मठाच्या ओट्याला टेकलासुद्धा नव्हता, उभ्याउभ्याच विचारत होता. आठ वर्षं त्याचं सेवामंडळ करंजवाडीत औषधं वाटत होतं, स्वतःच्या गाडीतून डॉक्टर आणत होतं. आणि बंद पडलेला दवाखाना उघडला तेव्हा पाटी काय लागली? ‘गावचा दवाखाना’. झालं.

भिकाबुवा वाती वळत बसले होते. “लोक काय म्हणतात त्याला?”

“इठाबाईचा दवाखाना म्हणतात.” नाव घेतानाच त्याचं तोंड कडू झालं. “मडकी विकणारी बाई ती.”

“तिनं काय केलं?”

“काय करणार? घरोघर जाऊन विचारलं, कुठला वार सोयीचा म्हणून. मग सरकारी नर्सबाईंना तोच वार घ्यायला लावला.”

“कुठला?”

“सोमवार... मंगळवारी बाजार असतो ना.”

“तुझा डॉक्टर कुठल्या वारी यायचा?”

“...मंगळवारी.”

बुवा हसले नाहीत. हसले असते तर मुरलीधरला बरं वाटलं असतं.

खरं सांगायचं तर गडी आतून जळत होता. नर्सबाई एसटीतून उतरल्या की आधी इठाबाईच्या दारात. त्याचाच डॉक्टर, आता सोमवारी त्याच्याच गाडीतून आलेला, तिच्या अंगणात बशीतून चहा पिणार. ज्या बायका त्याच्या मंडपाकडे आठ वर्षांत फिरकल्या नाहीत, त्याच आता दवाखान्याच्या खोल्या झाडायला पाळ्या लावतात.

“येत्या सोमवारपासून माझी गाडी बंद,” तो म्हणाला. “बघू मग तिचा दवाखाना कसा चालतो ते.”

गाडी नाही तर डॉक्टर नाही. हे दोघांनाही ठाऊक होतं.

“बरं,” बुवा म्हणाले. “जेवून जा.”

मठात त्या दिवशी आमटी-भाकरी होती. गावाची रीत अशी, की आमटी मठाच्या कढईत शिजायची आणि भाकरी घरटी पाच यायच्या. सगळ्यांचा एकच ढीग, धुतलेल्या धोतरावर. आणि शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत कुणी घासाला हात लावायचा नाही.

पंगत बसली. आमटी वाढून झाली. सगळ्यांना भाकरीही मिळाली, शेवटी मुरलीधर आपलं पान घेऊन ढिगाकडे आला.

“तू तुझ्याच घरची खा,” बुवा म्हणाले. “लोकांची कशाला?”

“खाईन की. आमच्या घरची भाकरी मी डोळे मिटून ओळखेन.”

“मग घे.”

तो ढिगापाशी बसला. एक उचलली, ठेवली. दुसरी उचलली. वरच्या खाली, खालच्या वर. सगळ्या बाजरीच्याच, सगळ्यांवर तव्याचे तेच डाग...

त्यानं बायकांच्या ओळीत बसलेल्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “मी काय त्यांच्यावर खूण करून धाडल्यात होय?”

कुणीतरी खाकरलं. आमटीवरची वाफ गेली. दिवस भरत आलेली एक सून पानापुढे कंबर धरून बसली होती, आणि तिच्या शेजारी इठाबाई तिची पाठ चोळत होती. पंगतीतला एकही हात पानाकडे गेला नव्हता. सगळे त्याच्याकडे बघत होते, रागानं नाही, नुसतेच.

मुरलीधरचे कान तापले.

“बुवा... यातली कुठलीही चालेल मला.”

“छे छे. असं कसं?” बुवांनी आपलं पान थोडं पुढे सारलं आणि हात मांडीवर ठेवले. “सावकाश शोध. वाट बघायची गावाला सवय आहे.”