शिट्टीआधीची थरथर

कुकर घरोघरी नवे होते तेव्हाची गोष्ट. फडताळातल्या पळीच्या कानावर भांड्यांची कुजबुज पडली, "कुकर भीतीनं थरथरतो, आता माळ्यावर..." पुढचं ताटांच्या खणखणाटात बुडालं. पळी तडक कुकरकडे गेली आणि तिनं थरथरण्याचं कारण विचारलं.

"एकदा वाफ कोंडून वाल्व उडाला, पळीताई, आणि डाळ छताला चिकटली," कुकर म्हणाला. "वाल्व नवा बसवलाय, पण आच लागली की अजून धडधडतं. सगळं कच्चंच राहतं. भीती गेली की शिजवीन म्हणतो."

"भीती जायची वाट बघाल, तर खरंच माळ्यावर जाल. आजोबांची कवळी हरवलीय, त्यांना मऊ भात हवाय. त्यांच्यासाठी तापा. थरथरलात तर थरथरा."

कुकर तापला, थरथरला आणि शिट्टी झाली. आजोबांनी भात दोनदा मागून घेतला.

आठवड्यानं पळीनं फडताळात येऊन भांड्यांना सांगितलं, "माळ्याचं खोटं निघालं बाई. थरथरायचं मात्र खरं आहे. रोज शिट्टीआधी थरथरतो."