गोदाचा भुईचाफा

एका जंगलाच्या कडेला, ऐनाच्या झाडांखाली, सोनबा आणि गोदा हे जोडपे राहत होते. घरापुढे गोदाची छोटी बाग होती. मोगरा, अबोली, कुंद आणि सगळ्यात लाडका भुईचाफा. त्याचे कंद तिच्या आईने ती सासरी निघताना ओटीत घातले होते. आई आता राहिली नव्हती.

एकदा माघात गोदा लेकीच्या बाळंतपणाला गेली. सोनबाने बागेला कधी हात लावला नव्हता, पण बायको परतेल तेव्हा बाग भरलेली दिसावी असे त्याला फार वाटे. ऐनाखाली थोडी जागा उघडी होती. त्याने ती खणून झेंडू लावला. खणताना सुक्या आल्यासारखे काहीतरी निघाले, ते त्याने खतात टाकले.

होळी झाली, रानात पळस पेटला. शेजारची काशीवहिनी कुंपणाशी थांबली.

"भुईचाफा फुलला का हो? या दिवसांत पान नसतं त्याला. नुसत्या मातीतून फूल वर येतं, त्या ऐनाखाली."

सुक्या आल्यासारखे निघाले ते भुईचाफ्याचे कंदच होते, हे सोनबाला आता कळले. त्याने सगळे सांगितले.

वहिनी म्हणाली, "डुकरांनी उकरलं म्हणून सांगा. दरवर्षी कुणाकडे तरी उकरतातच."

चैत्रात गोदा आली. पाय धुतले आणि तशीच ऐनाखाली गेली.

"हे काय? इथं झेंडू कसा? डुकरांनी चाफा उकरला का?"

नुसती मान हलवली असती तरी भागले असते. सोनबाने तिच्याकडे पाहिले.

"डुकरं नाहीत, गोदे. मी खणलं. मला रिकामी जागा वाटली. तुला बरं वाटावं म्हणून झेंडू लावला."

गोदाचे डोळे भरले.

"कंद कुठं टाकलेत?"

"खतात. कुजले असतील आता."

ती खताच्या खड्ड्याकडे चालू लागली. दोघांनी हातांनी खत उपसले. बरेच कंद लिबलिबीत झाले होते. पण कडेच्या पालापाचोळ्यात काही टणक सापडले. एकाला जांभळट कोंब आला होता.

गोदाने तो पदराने पुसला. "डुकरांनी खाल्ले म्हणाला असतात, तर मी इकडे बघितलंच नसतं."

"मला भीती वाटत होती."

"वाटणारच. चला, पाणी आणा."

कंद पुन्हा ऐनाखाली लागले. झेंडू गोदाने उपटला नाही, थोडा बाजूला सरकवला. वैशाखात एका सकाळी उघड्या मातीतून पांढरे-जांभळे फूल वर आले. गोदाने ते खुडले नाही. दोघे चहाचे कप घेऊन त्याच्याजवळच बसले.

तात्पर्य एवढेच: आपल्या माणसाला चूक वेळेवर सांगावी, मग जे वाचण्यासारखे असते, ते दोघांना मिळून वाचवता येते.