वेदीवर टांगलेली कणसं

फार जुन्या काळची गोष्ट आहे. किती जुन्या, ते मलाही कुणी सांगितलं नाही. माळावर ज्वारी पिकवणारं ख्रिस्ती लोकांचं एक गाव होतं. सुगी झाली की प्रत्येक घर आपल्या शेतातली सर्वांत टपोरी कणसं प्रभुमंदिरात आणायचं. ती वर्षभर वेदीच्या वर भिंतीला टांगलेली राहायची. देवाला उत्तम तेच द्यायचं, हा गावाचा बाणा होता. पेरायला मग उरलंसुरलं बी ठेवायचं.

मधोमध टांगायचा मान सर्वांत मोठ्या कणसाचा, आणि तो दरवर्षी एस्तेरबाईच्याच घरी जायचा. नवऱ्यामागे एकटीनं शेत राखलेली ती बाई होती. मान ताठ ठेवून चालायची, आणि का चालू नये?

पण वर्षागणिक गावाचं पीक खुजं होत गेलं. लोकांनी मातीला बोल लावला, ढगांना लावला, शेजारच्या गावाच्या नजरेलाही सोडलं नाही. एका सुगीला एस्तेरबाईचं कणीस मुठीत मावेल एवढंच निघालं. तरी मान तिलाच मिळाला. त्या दिवशी मात्र तिची मान खाली गेली.

पावसाळा ओसरला, पेरणी तोंडावर आली. मंदिराची पायरी चढताना एस्तेरबाई थबकली. वेदीवरच्या कणसांतले दाणे चिमण्यांनी दाराबाहेर सांडले होते, आणि तिथे ज्वारीचं एक ताट तिच्या डोक्यावर गेलं होतं. त्याचं कणीस ओंजळीत मावत नव्हतं. ना कुणी पेरलं, ना कुणी राखलं. ती कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं मंदिराची उपासना चालवणाऱ्या पाळकांना गाठलं आणि टांगलेली सगळी कणसं पेरायला मागितली.

गाव खवळलं. देवाला वाहिलेलं परत मागणारी ही कोण, असं जो तो म्हणू लागला. पाळकही गोंधळले.

"परत कुठं मागतेय, पाळकबाबा?" एस्तेरबाई म्हणाली. "चांगलं बी आपण भिंतीला दिलं आणि रोगट बी रानाला. रान काय देवाचं नाही?"

दाणा मातीत पडून मेला तरच पुष्कळ पीक देतो, हे प्रभूचं बोलणं पाळकांना आठवलं. त्यांनी स्वतः शिडी आणून लावली.

पहिलं कणीस तिनं आपलंच काढलं. ते तिला जड गेलं, खोटं कशाला सांगू? ते उतरलं की तिचा मान उतरणार होता. सगळ्यांची कणसं एकाच घोंगडीवर मळली गेली, दाणे एकमेकांत मिसळले, आणि घरोघर वाटून पेरले गेले. आता कुणाचं बी कुणाच्या रानात पडलं, ते देवालाच ठाऊक.

त्या सुगीला पीक असं माजलं, की बैल आत शिरला तर शिंगंही दिसू नयेत. मंदिराच्या दारात पाळकांनी हसत विचारलं, "बाई, यंदा तुमचं कणीस कोणतं समजायचं?"

एस्तेरबाईनं वळून माळाकडे पाहिलं. छाती भरून आली, आणि मान पुन्हा ताठ झाली.

"या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं माझंच आहे," ती म्हणाली. "आणि गावातल्या प्रत्येकाचं."

तात्पर्य: देवाला दिलेलं भिंतीवर मिरवलं तर एका घराचा मान होतो, मातीत पेरलं तर साऱ्या गावाची भाकर होते.