तोंड मिटलेला गार्गू

चर्चवरच्या दगडी मूर्ती एकमेकींशी बोलत, त्या जुन्या काळी गार्गू नावाचा दगडी राक्षस छपराच्या कडेला आ वासून बसलेला असे. छपरावरचं पावसाचं पाणी तोंडातून लांब फेकायचं, हे त्याचं काम. खाली दाराच्या वरच्या बाजूला रंग दिलेले दगडी संत हात जोडून उभे होते. लोक नमस्कार करत तो त्यांनाच.

गार्गूला वाटलं, तोंड मिटलं तर आपणही सोज्वळ दिसू. त्यानं ते घट्ट मिटलं.

पाऊस आला. पाणी छपरावर तुंबलं, भिंतीत झिरपलं आणि संतांच्या डोळ्यांतला निळा रंग घेऊन गालांवर ओघळलं.

"चमत्कार! संत रडताहेत!" अख्खं गाव दारात जमलं.

"गार्गू, तोंड उघड रे बाबा! रंग चाललाय आमचा!" संत कळवळले.

"म्हणजे मी तोंड मिटलं, तरी गर्दी तुमच्याचकडे?" असं विचारायला गार्गूनं तोंड उघडलं मात्र, तुंबलेलं सगळं पाणी भसाभसा गर्दीवर कोसळलं.

गावानं पहिल्यांदाच मान वर करून गार्गूकडे पाहिलं आणि शिव्यांची लाखोली वाहिली.

पण तेव्हापासून आभाळ भरून आलं की संत त्याच जोडल्या हातांनी आधी गार्गूला विनवतात, मग देवाला.