उचललेली करंगळी

आंबोण्याच्या नदीवर पूल नव्हता, लोक कंबरभर पाण्यातून पलीकडे जायचे, त्या काळातली ही हकीकत. गावात केरबा वैद राहायचा. नाडी बघावी तर केरबानं, असं अजूनही म्हणतात. आता तुम्ही म्हणाल, नाडी काय, सगळेच वैद बघतात. बघतात की! पण तीन बोटांनी. वात, पित्त, कफ, झालं. केरबा चौथं बोटही टेकवायचा, करंगळी.

ही विद्या त्याला एका गोसाव्यानं दिली असं म्हणतात. गोसावी पावसाळाभर केरबाच्या ओसरीवर राहिला आणि जाताना सांगून गेला, "बाबा रे, शरीराच्या आत आणखी एक घर असतं. त्याला अंतःकरण म्हणायचं. त्यात चौघं नांदतात. मन एका जागी बसत नाही. बुद्धी काय ते ठरवते. चित्त सगळं जपून ठेवतं, काही म्हणजे काही टाकत नाही. आणि अहंकार दारात बसून 'मी, मी' करतो. बाहेर दुखतं तेव्हा पुष्कळदा त्या घरात काहीतरी बिनसलेलं असतं. करंगळीनं ते ऐकत जा."

मग काय विचारता! राघू न्हाव्याचं डोकं सहा महिने ठणकत होतं. केरबानं करंगळी टेकवली, डोळे मिटले आणि म्हणाला, "डोकं नाही रे दुखत. भावाशी बोलणं टाकलंयस, ते दुखतंय. जा, त्याच्या ओट्यावर जाऊन बस." राघू गेला. परत आला तो गाणं गुणगुणत. अशी कितीतरी माणसं. केरबाच्या दारातल्या करंजाखाली सात गावची रीघ लागायची.

माणसाचं नाव झालं की त्याच्या आतलाही तो दारातला 'मी' जरा फुगतोच. केरबाचाही फुगला.

त्याची बायको लवकर गेली होती. पाठीमागं एकच लेक, येसू. केरबानं तिला नदीपलीकडच्या वरखेड्यात दिलं, तिथल्या सगळ्यात मोठ्या घरात. बहीण त्याला म्हणाली होती, "केरबा, त्या घरातली सून हसताना कुणी बघितली नाही रे."

"माणसं मला कळतात, आक्का," केरबा म्हणाला. झालं, लग्न लागलं.

दोन वर्षांनी येसू दिवाळीला आली. कशी आली होती, काय सांगू! हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आत्यानं खोदून खोदून विचारलं, पण पोर तोंड उघडेना. बापाकडं आलेली माणसं पांगायची वाट बघत राहिली. दुपार कलली, करंजाखाली कुणी उरलं नाही, तेव्हा आजारी माणसं बसायची त्या जागी जाऊन बसली. डावा हात पुढं केला.

"आबा, माझी नाडी बघा ना."

तोंडानं सांगता येत नव्हतं म्हणून पोरीनं हात पुढं केला होता. बापाची करंगळी ऐकेल, एवढीच तिची आशा.

केरबानं एक बोट टेकवलं, दुसरं टेकवलं, तिसरं टेकवलं. करंगळी खाली यायला लागली आणि मध्येच थांबली. ऐकलं तर कळणार. कळलं तर लेकीला घरी ठेवून घ्यावं लागणार. आणि ठेवून घेतलं तर सात गावं म्हणणार, सगळ्यांच्या आतलं ओळखणाऱ्याला स्वतःच्या लेकीचं घर ओळखता आलं नाही. त्यानं करंगळी उचलली.

"कफ आहे जरा," तो म्हणाला. "सुंठ घे मधातून. वाटेल बरं."

येसू त्या बोटाकडे बघत होती. "बरं, आबा," म्हणाली आणि हात पदराआड घेतला. तिसऱ्या दिवशी नदी उतरून परत गेली.

अरे, एक बोट! एक बोट टेकवायला काय लागतं माणसाला?

फाल्गुनात निरोप आला. केरबा चपला न घालता धावला. वरखेड्याच्या त्या मोठ्या अंगणात येसूला भुईवर ठेवलं होतं. दुखणं काहीच नव्हतं, लोक सांगत होते. आधी बोलणं बंद झालं, मग जेवण, मग श्वास. केरबा तिच्याजवळ बसला. तो गार पडलेला हात त्यानं मांडीवर घेतला आणि चारही बोटं टेकवली.

तीन बोटांखाली काय असणार? काही नव्हतं. पण करंगळीखाली अजून चालू होतं, असं म्हणतात. मन थांबलं होतं. बुद्धी गप्प होती. 'मी' म्हणणाऱ्याला तर सासरच्या घरानं पहिल्याच वर्षी हाकलून दिलं होतं. एकटं चित्त जागं होतं, आणि त्यानं एकच गोष्ट सांभाळून ठेवली होती. उचललेली करंगळी. केरबाची.

त्या दिवसापासून त्याची करंगळी मिटली नाही. तो जेवायचा तेव्हा ती वर, हात जोडायचा तेव्हा ती वर. दगडाखाली दाबून बघितली, कढत तेलानं चोळून बघितली. नाहीच. माणसं येत, हात पुढं करत, रडत. केरबा मान हलवायचा आणि म्हणायचा, "जाऊ द्या बाबांनो. ऐकायचं होतं तेव्हा नाही ऐकलं." असा तो चौदा वर्षं जगला, कुणाला बरं न करता. चितेवर सगळा देह जळाला आणि ते एक बोट शेवटपर्यंत ताठ उभं होतं, असं म्हणतात.

करंजाखाली आता एक दगड आहे. त्याला शेंदूर नाही, फूल नाही. नवसही कुणी बोलत नाही. केरबाकडं मागायचं तरी काय? पण दिवाळीला लेक माहेरी आली की आंबोण्यात आधी पाणी देत नाहीत. बाप उंबऱ्यात येतो आणि तिचा डावा हात चार बोटांनी धरतो, ती आपणहून सोडवून घेईपर्यंत. ऐकू कुणालाच काही येत नाही. ती विद्या केरबाबरोबर गेली. बहुतेक पोरीही "बरं चाललंय" म्हणतात, आणि बापाला तेच हवं असतं.

पोरी मात्र आधी करंगळीकडं बघतात, आणि मग काय सांगायचं ते ठरवतात.