शेर हरवला तेव्हा

वजनं बोलायची त्या काळची गोष्ट. यमुनाबाईंच्या दुकानात पितळेची पाच वजनं होती: शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक आणि छटाक. प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मं. एकदा ओढ्यावर चिंचेने घासताना शेर डोहात निसटला. नेमकं त्याच दिवशी बाळंतिणीसाठी शेरभर डिंक न्यायला गिऱ्हाईक आलं.

“आम्ही चौघं मिळून शेरच की!” अच्छेर ऐटीत म्हणाला आणि चौघं पारड्यात चढली. यमुनाबाईंनी समोर डिंक ओतला. काटा सरळ झाला, पण तराजू कडाडला, “थांबा! एवढ्याने शेर भरत नाही, छटाकभर कमी पडतो. माझ्यावरून आजवर कमी माल गेलेला नाही!”

अच्छेराचा चेहरा उतरला. छटाक मात्र ताठ उभी राहिली. “मग आधी माझ्याएवढा डिंक तोला आणि तो आमच्याच पारड्यात माझ्याशेजारी ठेवा. समोर शेर भरेल.”

तसंच केलं. शेरभर डिंक पुरेपूर भरला आणि तराजूची लाज राहिली.

दुसऱ्या दिवशी शेर डोहात सापडला. फळीवर बसताच त्याने विचारलं, “काय, माझ्यावाचून अडलं असेल ना?”

“अडलं होतं की,” छटाक मान वर करून म्हणाली, “छटाकभर.”