कोंबड्यांनी दिलेली साक्ष

भक्तहो, मल्हारनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी हिवरदऱ्यास, मारुतीच्या देवळामागच्या ओवरीत होता. त्याच गावात गेनू राहत असे. दारूसाठी कोंबड्या चोरायच्या, तुरुंगात जायचे, सुटल्यावर आधी गुत्ता गाठायचा आणि मग पुन्हा कोंबडी! त्याच्या तोंडाचा वास आला की गावभरच्या कोंबड्या ओरडत आढ्यावर चढत. हिवरदऱ्याला राखणीचे कुत्रे लागत नसे.

शेवटी त्याची बायको सगुणा तान्ह्याला घेऊन महाराजांच्या पायांशी बसली. "ह्यो परत आत गेला तर लेकरू बापाला वळखायचं न्हाई, महाराज."

महाराज म्हणाले, "धाड त्याला. आणि आधी तू जेव, बाळ अंगावर पितंय."

सुरुवातीला गेनू तळमळला, थरथरला, त्याने महाराजांना शिव्याही दिल्या. महाराज स्वतः त्याला काढा पाजत, अंग पुसत. मग म्हणाले, "तलफ आली की इकडे पळत यायचं आणि दळायला बसायचं. जात्यासमोर मी बसेन." गेनू इतक्यांदा पळत येई की गावभरचे दळण तोच दळू लागला आणि बायका घरचे जाते विसरल्या! सगुणा मात्र रोज दारातच त्याचे तोंड हुंगून मग आत घेई.

दाजीबा पाटील मिशीत हसत. त्यांचा थोरला मुलगा झोकांड्या खात घरी येई, त्याला ते 'उन्हाची भोवळ' म्हणत. "महाराज, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलंय तुम्ही. तुरुंगानं जमलं न्हाई ते जात्यानं जमतंय व्हय?"

"पाटील, तुम्ही चोराला कोंडत होतात. तलफ वेशीवर त्याची वाट बघत बसायची."

आणि एके सकाळी पाटलांचे खुराडे रिकामे! कोंबड्या सापडल्या त्या गेनूच्या अंगणात.

"धरा त्याला! फौजदाराला सांगावा धाडा!" पाटील गरजले.

सगुणेने आधी नवऱ्याचे तोंड हुंगले आणि ओरडली, "अवं, नुसत्या पिठाचा वास येतोय!"

महाराज आले. म्हणाले, "साक्षीदार तर इथंच आहेत. पाटील, कोंबड्या घरी नेऊन कोंडा, समोर दाणे टाका आणि दार उघडा. गेनू, तू इथून हलू नकोस."

पाटलांनी पसाभर ज्वारी पसरून खुराडे उघडले. इकडे महाराजांनी डोळे मिटून नाम घेतले. काय आश्चर्य! एकही दाणा न टिपता कोंबड्या निघाल्या, मारुतीला वळसा घालून थेट गेनूच्या मांडीत जाऊन बसल्या. पाटलांचा खुनशी कोंबडा, ज्याच्या चोचीचा व्रण गेनूच्या कपाळावर होता, तो त्याच्या खांद्यावर चढून डुलक्या घेऊ लागला.

शेवंताआजी म्हणाली, "अगं बया! चोरानं कोंबड्या न्हाई, कोंबड्यांनीच चोर पळवलाय!"

मागोमाग धावत आलेल्या पाटलांनी पागोटे काढून महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. तोच कोंबडा उडून त्यांच्या पाठीवर बसला आणि आरवला. गाव हसले, पण पाटील उठले नाहीत.

"महाराज, माझ्या थोरल्याला... ती उन्हाची भोवळ न्हाई हो. त्यालाबी बसवाल का जात्यावर?"

"आजच आणा. पण समोर मी नाही, गेनू बसेल."

पाटील गुडघ्यांवरच वळले आणि त्यांनी गेनूपुढे डोके टेकले. कोंबडा पाठीवर तसाच होता.